ऑडिटच्या दिवशी ३३५ चालतात, मग एरवी ४५० का?

तिसरी_पाळी | बुधवार, रात्री ११.५०

नमस्कार मंडळी. चार-पाच वर्षं नुसताच वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. उद्या गुरुवार, सुट्टी, म्हणून आज बसलोय. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

चाकणच्या पट्ट्यात एका प्रेस शॉपला शिफ्ट सुपरवायझर आहे. कंपनीचं नाव विचारू नका. पत्रा येतो, ब्लँक म्हणजे मापाचे तुकडे कापतात, दुचाकीचे ब्रॅकेट दाबून निघतात. आमचा माल ज्यांच्याकडं जातो ते वेल्डिंग करून मोठ्या कंपनीला देतात. डिप्लोमा करून लातूरकडून आलो त्याला बारा वर्षं झाली. ट्रेनी होतो, मग लाईनवर, मग सुपरवायझर. घर, हप्ता, मुलीची शाळा सगळं इथंच.

मूळ मुद्दा असा. प्रत्येक प्रेसशेजारी एक पांढरा बोर्ड असतो. तासाचं टार्गेट, प्रत्यक्ष निघालेले पीस, फरक, कारण. १६० टनी प्रेसवरच्या एका ब्रॅकेटचं टार्गेट ताशी ४५० आहे, म्हणजे आठ सेकंदांना एक. ऑपरेटरनं मॅग्नेटनं ब्लँक उचलायचा, डायवर, म्हणजे साच्यावर, पिनांत बसवायचा, हात बाहेर, दोन्ही हातांनी दोन हिरवी बटणं दाबायची, रॅम (प्रेसचा दाबणारा भाग) खाली, पार्ट काढायचा. समोर सेन्सरचा पडदा असतो, हात आत असेल तर रॅम उतरत नाही. हे सगळं नीट केलं तर बिन बदलणं, पाणी पिणं धरून ताशी ३३० ते ३४० निघतात. मी स्वतः घड्याळ लावून तीन शिफ्ट मोजलंय. चांगल्यातला चांगला ऑपरेटर ३५० च्या वर जात नाही.

मग ४५० कसे निघतात? पॅनेलवर पडदा बंद करायची किल्ली असते. ती डाय सेटिंगपुरती वापरायची आणि मेंटेनन्सच्या खिशात राहायला पाहिजे. आमच्याकडं ती दोन वर्षं पॅनेललाच आहे, हरवू नये म्हणून तिला लाल रिबन बांधलीय. आणि डावं हिरवं बटण दाबलेलंच राहावं म्हणून त्यावर एक रुपयाचं नाणं आणि वरून चिकटपट्टी. म्हणजे उजव्या हातानं बटण, डावा हात पार्ट काढायला मोकळा. नाण्यावर रोज नवी चिकटपट्टी लागते, तेलानं सुटते ना.

दर तासाला बोर्डाचा फोटो ग्रुपवर टाकायचा. ४५० च्या खाली असला की प्लँट हेड साहेबांचा लगेच व्हॉइस मेसेज. ‘तुम्हाला मॅनेज करता येत नसेल तर सांगा, बाहेर लाईन लागलीय.’ हे पन्नास माणसांच्या ग्रुपवर, ज्यात माझ्या हाताखालची पोरंही आहेत. कारणाच्या रकान्यात खरं कारण लिहिलं की म्हणतात एक्स्क्यूज देऊ नका. म्हणून आता सगळे त्या रकान्यात ‘मटेरियल लेट’ लिहितात. मटेरियल कधीच लेट नसतं.

आता गंमत बघा. कस्टमरचं ऑडिट असलं की आदल्या रात्री नाणं काढतात, बटण थिनरनं पुसतात, किल्ली मेंटेनन्सच्या कपाटात. त्या दिवशी बोर्डावर टार्गेटच ३३५ लिहिलेलं असतं. मी लिहीत नाही, वरून सांगून येतं. त्या दिवशी ग्रुपवर एक शब्द नाही. म्हणजे खरा आकडा त्यांना पाठ आहे!

महिना झाला. तिसऱ्या शिफ्टला पहाटे चार-सव्वाचारला कंत्राटी पोरगं, बावीस वर्षांचं, परभणीकडचं, त्याच्या डाव्या हाताच्या तर्जनीचं पहिलं पेर गेलं. मी दहा फुटांवर होतो. कॉटन वेस्टमध्ये हात धरून ते मला काय म्हणालं माहितीय? ‘साहेब, माझं पंचिंग याच बोटाचं आहे, आऊट कसं करू?’

आऊट पंच झालाच नाही. महिन्याच्या हजेरीत सिस्टिमनं त्याची ती शिफ्ट हाफ डे धरली.

रिपोर्टमध्ये कारण आलं, कामगाराचा निष्काळजीपणा. पाच वेळा ‘का’ विचारायचा तो तक्ता भरला, पाचव्या ‘का’ला उत्तर ‘प्रशिक्षणाचा अभाव’, उपाय ‘प्रशिक्षण दिले’. मिटलं.

मला विचारायचंय की अशा जागी माणसानं काय करावं? सोडावं? तक्रार करावी? का गपगुमान हप्ता फिटेपर्यंत राहावं? बायको म्हणते सोडा. सासरे म्हणतात परमनंट नोकरी सोडणारा वेडा असतो.

---

आभाळमाया७ | गुरुवार, सकाळी ७.३०

वाचून पोटात कालवलं. पोरगं कसं आहे आता?

---

वाळूजकर | गुरुवार, सकाळी ९.०५

भाऊ, सगळीकडे हेच आहे. वीस वर्षांत चार कंपन्या बघितल्या. आमच्याकडे प्रत्येक स्टेशनवर दोरी होती, जपानी पद्धतीची, दोष दिसला की कामगारानं ओढायची आणि लाईन थांबवायची. उद्घाटनाला पेढे वाटले. पहिल्या आठवड्यात एका पोरानं ओढली, तर इन्चार्ज धावत येऊन विचारतो, ‘कुणी ओढली?’ काय झालं हे नाही विचारलं. कुणी ओढली! त्यानंतर त्या दोरीवर आमचे लोक नॅपकीन वाळत घालायचे.

सोडायचं असेल तर दुसरं हातात आल्यावर सोडा. आणि मुलाखतीला गेलात की केबिनमध्ये बसून परत येऊ नका. ‘शॉप बघू का’ म्हणा. कामगारांचं टॉयलेट बघा आणि प्रेसची बटणं बघा.

---

माजी_एचआर | गुरुवार, सकाळी १०.२०

पंधरा वर्षं एचआरमध्ये काढली, त्यामुळे शिव्या बसणार हे धरून लिहितो.

आधी पोराचं बघा, तुमचं नंतर.

१. अपघाताचा फॉर्म १२ ईएसआयसीला (कामगार विमा महामंडळाला) गेला का? कंत्राटदार म्हणेल गेला. प्रत मागा.

२. त्याचा ईएसआयसी नंबर कधीचा आहे ते बघा. माझ्या पाहण्यात अशा केसेस आहेत की चार महिने पोरगं कामावर, आणि नंबर निघाला अपघाताच्या दिवशी दुपारी. कंत्राटदारानं हप्ता भरलेला नसला तरी कामावरच्या इजेचा लाभ बुडत नाही, आणि त्याला अमुक महिने नोकरी झालेली पाहिजे अशी अटही नाही. हे पोरांना कुणी सांगत नाही. ‘तुझं अजून बसलं नाही’ म्हणतात आणि पाच-दहा हजार हातावर ठेवून गावी पाठवतात.

३. बरं होईपर्यंत सरासरी रोजाच्या ९० टक्के मिळतात. त्यानंतर कायमच्या अपंगत्वाचं. कायद्याच्या परिशिष्टात बोटांचा तक्ताच आहे. तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, दोन पेरं ११, एक पेर ९. ढोबळ हिशेब करा, १५ हजार पगार, रोज ५००, त्याचे ९० टक्के ४५०, त्याचे ९ टक्के म्हणजे दिवसाला साडेचाळीस रुपये. महिन्याला बाराशेच्या आसपास, पण आयुष्यभर. ते मेडिकल बोर्डासमोर गेल्याशिवाय सुरू होत नाही. पोरगं गावी गेलं की बोर्ड राहून जातो.

४. तो आऊट पंच. तुम्ही गंमत म्हणून लिहिलंय (कडू गंमत, कळतंय), पण ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. हजेरीत घोळ असला की उद्या कुणीही म्हणू शकतो की तो ड्युटीवर नव्हताच. खरी वेळ टाकून तो मॅन्युअल करून घ्या, आजच.

पगार कंत्राटदारानं बुडवला तर मूळ कंपनीला द्यावा लागतो, हेही त्याला सांगून ठेवा.

---

लघुउद्योजक_भोसरी | गुरुवार, सकाळी ११.४५

दुसरी बाजू मांडतो. माझ्याकडे चाळीस माणसं आहेत. कस्टमर दरवर्षी दर कमी करून मागतो, पत्रा वाढला तर भाववाढ सहा महिन्यांनी देतो. पेमेंट कायद्यात ४५ दिवस, हातात ९० दिवसांनी. तासाला शंभर पीस कमी निघाले तर महिनाअखेर पगार कुठून करू? मालक आणि मॅनेजर राक्षस नसतात हो. सुपरवायझर लोक ग्रुपवर अपमान झाला म्हणतात, पण सकाळी सहाला कस्टमरचा फोन मला येतो, त्यांना नाही.

बटणावर नाणं लावणं चूकच. माझ्याकडे असलं चालत नाही.

---

खारी_बिस्कीट | गुरुवार, दुपारी १२.१०

>> माझ्याकडे असलं चालत नाही

शेठ, शेवटचं कधी बघितलंत? तिसऱ्या पाळीत?

---

लघुउद्योजक_भोसरी | गुरुवार, दुपारी १२.३०

टोमणा पोचला. आज रात्री जातो.

---

टूलरूम_सातपूर | गुरुवार, दुपारी २.००

बावीस वर्षं मेंटेनन्समध्ये आहे. वर कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही म्हणून लिहितो.

नाणं लावून प्रेस चालतेय हेच मुळात चालायला नको. दोन हातांच्या बटणांची वायरिंग अशी असते की दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत बरोबर दाबली तरच स्ट्रोक होतो, आणि पुढच्या स्ट्रोकआधी दोन्ही सोडावी लागतात. एक बटण दाबून ठेवलंत तर पहिल्याच स्ट्रोकनंतर मशीन गप्प बसेल. तीच गोष्ट किल्लीची. पडदा बंद केला की प्रेस फक्त इंच-इंच सरकायला पाहिजे, डाय लावण्यापुरती. पूर्ण स्ट्रोक मारूच शकत नाही.

तुमच्याकडे दोन्ही होतंय. म्हणजे पॅनेल उघडून कुणीतरी जंपर मारलाय, वायर जोडून सुरक्षेची सर्किटं बाजूला काढलीत. ते ऑपरेटरचं काम नव्हे, त्याच्याकडे पॅनेलची चावी पण नसते आणि ड्रॉइंग पण नसतं. ज्यानं केलं त्याला कुणीतरी सांगितलं असणार. नाणं त्या पोरानं लावलं असेल किंवा त्याच्या आधीच्यानं, पण नाणं लावून मशीन चालेल ही सोय वरून झालेली आहे.

‘निष्काळजीपणा’ हा शब्द इथंच पडतो.

---

वाळूजकर | गुरुवार, दुपारी २.१५

दंडवत सातपूरकर. वाचनखूण साठवली.

---

जुना_गिरणगावकर | गुरुवार, दुपारी ४.४०

नातवानं धागा वाचून दाखवला म्हणून लिहितोय, टायपिंगही तोच करतोय. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी साचेखात्यात, म्हणजे मागांवर, बदली कामगार. अडीच लाख माणूस बाहेर पडला, पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

माझं सांगणं निराळं आहे. आमच्यात जॉबर असायचा. कामावर तोच लावणार, बदलीचं काम द्यायचं की नाही तोच ठरवणार. त्याच्या घरी गणपतीला नारळ न्यावा लागायचा आणि नारळाबरोबर आणखी काय काय. मागाचा धोटा उडून माणसाच्या तोंडावर बसला तरी जॉबर म्हणणार, साल्याचं लक्ष नव्हतं. मालक कधी दिसायचाच नाही. तुमचा हा कंत्राटदार म्हणजे आमचा जॉबरच. फक्त त्याच्याकडं आता जीएसटी नंबर आहे.

एक फरक आहे, बाळा. आमच्या खात्यात कुणाला लागलं की साचे थांबायचे. आपोआप. युनियनला विचारायला कुणी जात नसे. तुझ्या शॉपमध्ये त्या रात्री बाकीच्या प्रेस थांबल्या होत्या का?

---

कोपऱ्यातली_क्यूए | गुरुवार, संध्याकाळी ६.२०

मी क्वालिटीत आहे, रिपोर्ट वाचायची सवय. तिसरी_पाळी, तुमच्या लेखात एक जागा मोकळी आहे. ‘उपाय: प्रशिक्षण दिले.’ प्रशिक्षण दिल्याचा कागद असतो, त्यावर तारीख असते आणि देणाऱ्याची सही असते. शिफ्टमध्ये प्रशिक्षण देणारा सुपरवायझर.

सही कुणाची आहे?

---

तिसरी_पाळी | गुरुवार, रात्री १०.५५

आभाळमाया, पोरगं गावी गेलंय. टाके निघाले. फोनवर बोलतं पण कमी.

गिरणगावकर काका, नाही थांबल्या. बाकीच्या सहाही चालू होत्या. मीच दुसऱ्या ऑपरेटरला त्या प्रेसवर उभा केला, वीस मिनिटांत. आधी डाय पुसून घेतली.

क्यूए ताई, सही माझी आहे.

अपघातानंतर दुसऱ्या दिवशी एचआरनं केबिनमध्ये बोलावलं. कागद तयार होता, तारीख तीन महिन्यांपूर्वीची, पोराची सही खाली होती. ती त्याचीच का, मी विचारलं नाही. म्हणाले, ‘तुमच्याच सेफ्टीसाठी आहे, नाहीतर उद्या विचारतील ट्रेनिंग का नाही दिलं, अन् तुम्ही अडकाल.’ मला वाटलं खरंच आहे. मी कधी ट्रेनिंग दिलंच नव्हतं. पहिल्या दिवशी पोरगं आलं तेव्हा शेजारच्या ऑपरेटरला म्हणालो, याला दाखव. त्यानं नाणं कसं लावायचं ते दाखवलं असणार.

कालच्या लेखात हे लिहायचं टाळलं. चुकलं.

एक राहिलं. ४५० कुठून आले ते आज एका जुन्या माणसाकडून कळलं. आमचे प्लँट हेड साहेब आधी मार्केटिंगला होते. या ब्रॅकेटचं कोटेशन त्यांनीच दिलेलं, आठ सेकंद सायकल टाईम, म्हणजे एका पीसची वेळ, धरून. ऑर्डर त्याच्यावर आली, बढतीपण त्याच्यावर आली. आता त्यांनी ३३५ मान्य करायचे म्हणजे कोटेशन चुकलं म्हणायचं.

---

कोपऱ्यातली_क्यूए | गुरुवार, रात्री ११.१०

ताई म्हणालात म्हणून स्पष्ट लिहिते. लिहिलंत ते बरं केलंत, पण इथे लिहून उपयोग नाही, आम्ही कोण? तिथे लिहा.

बाकी ‘मटेरियल लेट’चा रकाना वाचून हसले आणि मग हसू गेलं. आमच्याकडे रिजेक्शनच्या कारणात गेली तीन वर्षं ‘हँडलिंग डॅमेज’ सगळ्यात वर आहे. खरं कारण झिजलेली डाय. ती लिहिली की टूल रूमचा मॅनेजर भांडायला येतो. हँडलिंगवाले भांडायला येत नाहीत, कारण ते हेल्पर आहेत. दर महिन्याला मीटिंगमध्ये त्या खोट्या कारणावर अर्धा तास खरी चर्चा होते. कायझनसुद्धा (सुधारणेचा उपक्रम) झाला, ट्रॉलीला रबर लावलं.

---

माजी_एचआर | शुक्रवार, सकाळी ८.१५

‘तुमच्याच सेफ्टीसाठी’ हे वाक्य मीही वापरलंय. जाऊ दे.

आता तुमचं. तुम्ही कामगार कायद्याच्या भरवशावर राहू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात. त्यात देखरेखीचं काम करणारा आणि महिना १८ हजारांच्या वर पगार असलेला माणूस ‘कामगार’ धरत नाहीत. जुन्या कायद्यात ही मर्यादा १० हजार होती, म्हणजे तुम्ही तेव्हाही बाहेरच होता. कोर्ट हुद्द्याचं नाव न बघता प्रत्यक्ष काम बघतं, हे खरं, पण तुम्ही माणसं लावता, रजा मंजूर करता, तेव्हा अवघड आहे. थोडक्यात, वरचे तुम्हाला कामगार समजून बोलतात आणि कायदा तुम्हाला साहेब समजतो.

दुसरं, सुरक्षेची उपकरणं बंद करणं हा कारखाने अधिनियमात कामगाराचाही गुन्हा होता, कलम १११. म्हणून प्रकरण वाढलं की बोट नाण्याकडे जाणार, आणि नाण्यावरून तुमच्याकडे. सातपूरकरांनी सांगितलेला जंपर हा तुमचा आणि त्या पोराचा दोघांचा बचाव आहे. पण मोबाईलवर फोटो काढू नका. गेटवर कॅमेऱ्याला स्टिकर लावत असतील, तर तो फोटो हेच तुम्हाला कामावरून काढायचं कारण होईल.

सहीबद्दल, एचआरला साधी मेल टाका. अमुक कागदावर मी अमुक तारखेला सही केली, कागदावरची तारीख वेगळी आहे, प्रशिक्षण झालेलं नव्हतं. तीन वाक्यं. विशेषणं नकोत, साहेबांचा स्वभाव नको.

तक्रार करायची तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचं पुण्यात कार्यालय आहे. करा असं मी सांगणार नाही, करू नका असंही नाही.

---

टूलरूम_सातपूर | शुक्रवार, सकाळी ९.४०

फोटोची गरजच नाही. ब्रेकडाऊन स्लिप काढा.

प्रत्येक कंपनीत असते, नंबर छापलेली, तीन प्रतींची. लिहा, ‘१६० टन प्रेस, एक बटण दाबलेले असताना स्ट्रोक होतो. पडदा बंद असताना पूर्ण स्ट्रोक होतो.’ मेंटेनन्सला ती बंद करावीच लागते, काय केलं ते लिहून आणि सही करून. काहीच न करता ‘ओके’ लिहिलं तर ती सही त्यांची. दुसऱ्या दिवशी परत काढा. गुलाबी प्रत तुमच्याकडे राहते.

आम्हा मेंटेनन्सवाल्यांना दुसरं काही घाबरवत नाही, उघडी स्लिप सोडून.

---

चहा_बिनसाखर | शुक्रवार, दुपारी १.००

ओटीबद्दल, ओव्हरटाईमबद्दल, कुणीच बोललं नाही. आमच्याकडे बारा तासांची शिफ्ट, वरचे चार तास ‘सिंगल’ दरानं. कायद्यानं डबल. विचारलं की म्हणतात, पाहिजे तर आठ तास करून जा, आणि उद्यापासून येऊ नका. रात्री दहाव्या तासाला माणूस डायसमोर काय शुद्धीवर असतो? चार-सव्वाचारचा अपघात आहे म्हणून विचारतो, ते पोरगं आदल्या दिवशी किती वाजता आलं होतं?

---

तिसरी_पाळी | शुक्रवार, दुपारी ३.३०

आदल्या दिवशीची सेकंड शिफ्ट करून थांबलेलं. बदली माणूस आला नव्हता. थांब म्हणून मीच म्हणालो होतो.

---

लघुउद्योजक_भोसरी | शनिवार, सकाळी ७.१०

खारी_बिस्कीट, काल रात्री एक वाजता गेलो होतो. नाणं नव्हतं. लाकडाची पाचर होती.

अजून काही लिहीत नाही.

---

आभाळमाया७ | शनिवार, सकाळी ८.००

शेठ, हे इथे येऊन लिहिलंत याबद्दल मनापासून आदर.

---

तिसरी_पाळी | बुधवार, रात्री ११.२० (तीन आठवड्यांनी)

बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) केले, एकत्रच उत्तर देतो.

पोराचा आऊट पंच मॅन्युअल करून घेतला, पहाटे ४.१५ आणि शेरा ‘अपघात, रुग्णालयात नेले’. टाईम ऑफिसच्या क्लार्कनं दोन दिवस टाळलं, मग एकट्यानं बसून केलं आणि कुणाला सांगू नका म्हणाला. ईएसआयसी नंबर बघितला. माजी एचआर साहेब, तुम्ही म्हणालात तेच, अपघाताच्या दिवशीचाच आहे. पण आहे. पोराला आणि त्याच्या वडिलांना बोलावून घेतलं, शाखा कार्यालयात मीच घेऊन गेलो. बोर्डाची तारीख अजून आलेली नाही. त्याचे वडील सगळा वेळ मला ‘साहेब’ म्हणत होते, ते जड गेलं.

स्लिपा काढल्या. पहिली त्याच दिवशी ‘चेक्ड ओके’ होऊन परत. दुसरी पण. तिसऱ्या वेळी मेंटेनन्सचा पोरगा माझ्याकडं आला, म्हणाला, ‘सर, मी सही करणार नाही, जंपर मला सांगून मारून घेतलाय, आता ओके पण मीच लिहू का?’ तिसरी स्लिप उघडीच राहिली. चौथी, पाचवी पण. कस्टमरचा माणूस दुसऱ्याच कामाला आला होता, त्यानं रजिस्टर चाळलं. त्यानं काय बोलणं केलं मला माहीत नाही, पण दोन दिवसांनी १६० टनी प्रेसचं पॅनेल उघडलं. आता नाणं लावलं तर मशीन हलत नाही, मी लावून बघितलं.

अशाच आणखी दोन प्रेस आहेत, त्या तशाच आहेत. त्यांच्या स्लिपा काढायच्या आतच मला स्टोअरला हलवलं. जनरल शिफ्ट, बोल्ट मोजायला. कारण मेल. एचआरला ती तीन वाक्यांची मेल टाकली, रात्री दोन वाजता, दुपारपर्यंत बोलावणं आलं. म्हणाले मागे घ्या. मी म्हणालो मेल मागे कशी घेतात मला येत नाही.

आणि १६० टनीच्या बोर्डावर आता टार्गेट ४०० लिहिलंय. नवीन सुपरवायझरला विचारलं हे कुठून आलं, आठ सेकंदात बसत नाही आणि खऱ्या वेळेतही बसत नाही. तो म्हणाला, साहेबांनी मधला काढला.

रांजणगावला एका ठिकाणी मुलाखत आहे उद्या सकाळी दहाला. वाळूजकर, शॉप बघू का म्हणणार आहे.

---

वाळूजकर | बुधवार, रात्री ११.४०

म्हणाच. आणि बोर्डावरच्या ‘कारण’च्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचून या. बाइकवर जाणार की कंपनीची बस?

---

तिसरी_पाळी | बुधवार, रात्री ११.४५

बाइक.

---

खारी_बिस्कीट | बुधवार, रात्री ११.५०

मग साडेसातलाच निघा. शिक्रापूरच्या चौकात कंटेनर आडवा झाला की दीड तास हलत नाही. मी रोज अडकतो.